मिठाचं गाऱ्हाणं

कारापूर, साखळी
८ जानेवारी २०२५

शालिनीताई,

पत्राच्या वर काय लिहायचं असतं ते शाळेत शिकवलेलं, मी विसरले. म्हणून नुसतं नाव लिहिते.

मी रुक्मिणी. डिचोलीला मुलांची तपासणी होती तेव्हा तुम्ही बाकावर माझ्या बाजूला बसलेल्या. माझा बाबू पंख्याचं बटण चालू-बंद, चालू-बंद करत होता आणि मी रडत होते, ती. तुम्ही मला तुमचा पत्ता घातलेली पाकिटं दिलीत. म्हणालात, फोनवर तू सगळ्याला हो हो म्हणतेस आणि फोन ठेवला की काही आठवत नाही ना, मग फोन करू नको, लिही. ताई, असं मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. सगळे एकच सांगतात, लक्ष दे. मी देते. ते राहत नाही.

तुम्ही म्हणालात, ज्या आयांचं डोकं असं चालतं त्यांना कामावर टिकायला मी मदत करते. म्हणून माझं सांगते.

डॉक्टरांनी बाबूचं सगळं विचारून झाल्यावर मला विचारलं, तू लहान असताना कशी होतीस? मी खरं सांगितलं. ते म्हणाले, जे याला आहे तेच तुलाही आहे. त्या इंग्रजी चार अक्षरांचं नाव मला अजून नीट सांगता येत नाही. मी फक्त एवढं समजले, की बाबूला झालं ते माझ्यामुळे झालं.

मी डिचोलीच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत एका कॅन्टीनमध्ये जेवण करते. बेळगाव-कोल्हापूरकडचे कामगार जेवतात. माझ्याबरोबर ज्योती आहे, तीही बेळगावकडची. मी डाळीला कधी मीठ घालतच नाही, कधी दोनदा घालते. त्या दिवशी तेल तापत ठेवून मागे कोथिंबीर धुवायला गेले आणि तिथे एक मांजर व्यालेलं दिसलं. ताई, मी मांजर बघत बसले. तेल पेटलं. ज्योतीने झाकण टाकलं म्हणून वाचलो. मालक कृष्णनाथबाब वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "शिगम्यापर्यंत बघतां. मागीर दुसरी बाय बघचीच पडतली." म्हणजे होळीपर्यंतच काय ती मुदत.

काम गेलं तर घरी विचारतील का गेलं. मग सगळं बाहेर येईल. घरात मी डॉक्टरांचं काहीच सांगितलेलं नाही. बाबूचं सांगितलं, माझं नाही. नवरा प्रशांत टिपर चालवतो, चांगला आहे, पण आईच्या शब्दाबाहेर नाही. सासूबाई साखळीच्या बाजारात भाजी विकतात. सून डोक्याने अशी आहे हे त्यांना कळलं, तर मला दोडामार्गला माहेरी धाडतील आणि बाबूला ठेवून घेतील. आमच्या वाड्यावर एकीचं असं झालंय. तिचा मुलगा आता तिला मावशी म्हणतो.

मला एवढीच भीती आहे. बाकी कसली नाही.

तुमची
रुक्मिणी


पेडणे
१५ जानेवारी २०२५

रुक्मिणी,

पत्र मिळालं. मांजराला किती पिल्लं झाली ते तू लिहिलं नाहीस.

आधी एक. बाबूला तुझ्यामुळे झालं, असं पुन्हा म्हणू नकोस. त्याचे कुरळे केस कोणामुळे आले म्हणून घरात कोणी रडतं का? हे वेड नाही, आळस नाही. डोक्याची घडण वेगळी आहे, एवढंच. तुला जे काम जमत नाही ते तुझ्या स्वभावाने जमत नाही असं नाही, ते तुला ज्या पद्धतीने शिकवलं त्या पद्धतीने जमत नाही.

सोबत एक रंगीत तक्ता पाठवते. चित्रं काढलेली आहेत: मीठ, गॅस, झाकण. चुलीसमोर लाव. दुसरा तक्ता घरासाठी आहे, सकाळच्या गडबडीचा. माझ्याकडच्या बऱ्याच जणींना याचा उपयोग झाला आहे.

घरात कधी सांगायचं ते तू ठरव. मी घाई करणार नाही.

शालिनी


कारापूर
२७ जानेवारी २०२५

शालिनीताई,

चार पिल्लं. एक पिवळं आहे.

तुम्हाला राग येईल, पण तक्त्याचं नाही जमलं. पहिल्या दिवशी मी सारखी बघत होते, इतकं छान चित्र होतं. दुसऱ्या दिवशीही बघितलं. मग तो भिंत झाला. म्हणजे तिथेच होता, पण मला दिसेना. जसं आपल्याला घरातलं कॅलेंडर दिसत नाही. घरचा तक्ता बाबूने रंगवला, तुमच्या मिठाच्या बरणीला त्याने मिशा काढल्या.

शुक्रवारी कृष्णनाथबाब ताट घेऊन थेट आत आले. सगळ्यांसमोर म्हणाले, "काल अळणी, आज खारट. गो बाय, तू मीठ घालता की दर्याचें उदक?" कामगार हसले. मीही हसले. मग मागे जाऊन टाकीचा नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारत राहिले, म्हणजे डोळे लाल का ते कोणी विचारणार नाही.

ज्योती म्हणते, "अगं, घातल्या घातल्या बोटानं चाखून बघ की." मी चाखते. पण चाखलं की नाही तेच आठवत नाही.

ताई, तुम्ही एवढा खर्च करून, चित्रं काढून पाठवलंत. माझ्यासाठी एवढं कोणी केलेलं नाही. तरी माझ्याच्याने झालं नाही. आता तुम्ही सोडून दिलंत तरी मला वाईट वाटणार नाही. वाटेल, पण मी समजेन.

रुक्मिणी


पेडणे
३ फेब्रुवारी २०२५

रुक्मिणी,

बरणीच्या मिशा वाचून मी मोठ्याने हसले, शेजारीण बघायला आली.

चूक माझी आहे. तुला न विचारताच मी तक्ता पाठवला. तो इतर बायकांना चालतो म्हणून तुलाही चालेल, असं धरलं. तुलाही सगळे असंच करत आले आहेत, नाही का?

आता एक सांगते, मी सहसा सांगत नाही. माझंही डोकं तुझ्यासारखंच आहे. मी बँकेत होते. मुलगी झाली, झोप गेली, आणि माझ्या सगळ्या युक्त्या एकदम कोसळल्या. तेव्हा याला नाव आहे हे मला माहीत नव्हतं. मी नोकरी सोडली आणि कितीतरी वर्षं स्वतःला बिनकामाची समजत राहिले. म्हणून मी हे काम करते. तुला हे पत्र लिहिताना माझा चष्मा हरवला आहे. मुलीचा लावून लिहिते आहे, अक्षर बघून कळलं असेलच. तेव्हा तुला सोडून द्यायचा प्रश्नच नाही. तुला सोडलं तर चष्म्यासारखी मीच मला सापडायची नाही.

मला एकच सांग. विचार न करता जे पहिलं मनात येईल ते लिही. तुझ्या आयुष्यात अशी कुठली गोष्ट आहे, जी पाठ करायचा प्रयत्न न करताही तू कधी विसरली नाहीस?

शालिनी


कारापूर
१२ फेब्रुवारी २०२५

शालिनीताई,

तुमचं पत्र वाचलं आणि लगेच तोंडात आलं. गाऱ्हाणं!

माझे बाबा, शांताराम, आमच्या गावच्या देवळात गाऱ्हाणं घालतात. तुमच्या पेडण्यातही घालत असतील. नारळ हातात घेऊन देवापुढे उभं राहायचं आणि गावाचं जे काही असेल ते मोठ्याने देवाला सांगायचं. "बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली हत म्हाराजा," असं. प्रत्येक वाक्य संपलं की मागची सगळी माणसं म्हणतात, "व्हय म्हाराजा!" मला सातवीपर्यंत सातचा पाढा आला नाही. पण बाबांचं अख्खं गाऱ्हाणं, कुठल्या देवाचं नाव आधी आणि कुठलं नंतर, सगळं पाठ. कोणी शिकवलं नाही. बायका गाऱ्हाणं घालत नाहीत, आम्ही मागे उभ्या राहून फक्त व्हय म्हाराजा म्हणायचं.

पत्र वाचून कामावर गेले. मीठ घातलं आणि काय झालं कुणास ठाऊक, डाळ ढवळायची कुलेर हातात धरून बाबांसारखी बोलले, "बा देवा म्हाराजा, आज ह्या डाळीत मीठ पडलां हा म्हाराजा!"

ज्योती चपात्या लाटत होती. दचकली. म्हणाली, "काय की गं बाई, किचनात देऊळ काढलंस व्हय?"

मी म्हटलं, "अगं, उत्तर दे. व्हय म्हाराजा म्हण."

"मीठ घातलंयस का खरं ते बघू दे आधी," म्हणाली. उठली, डाळ चाखली, मग म्हणाली, "व्हय म्हाराजा."

ताई, तिथेच मला समजलं. ज्याला व्हय म्हणायचं असतं तो आधी बघतो. आणि व्हय आलं की ते माझ्या डोक्यात खुंटी मारल्यासारखं बसतं. उत्तर आलं नाही की मला चैन पडत नाही, मी विसरूच शकत नाही. आता आम्ही सगळ्याचं गाऱ्हाणं घालतो. गॅस बंद केलंय म्हाराजा. तेल खाली उतरलंय म्हाराजा. भांडी घासणारी किरणसुद्धा ओरडते, व्हय म्हाराजा! मीठ तेव्हापासून चुकलेलं नाही. पोदेर पावाचे उंडे टाकायला येतो, तो खिडकीतून ओरडून जातो, "आज देव खंय पावलो गो, डाळीक की भाजयेक?"

घरीही सकाळी करते. दाराकडे तोंड करून, हळू. गॅस, मागच्या दाराची कडी, बाबूची बाटली. बाबू जागा असला तर तोच उत्तर देतो, त्याला इतकं आवडतं की एरवी बूट घालायला धावत नाही तो आता त्यासाठी धावतो. तो झोपलेला असला तर मी एकटीच बोलते.

तुमचं काय म्हणून उपकार मानू? तुम्ही मला काही नवीन दिलं नाहीत. माझ्याकडचंच मला काढून दिलंत. त्याचं मला जास्त वाटतं.

चष्मा गावला का?

रुक्मिणी

ता. क. एक सांगायचं राहिलं. सासूबाई सोमवारपासून माझ्याशी बोलत नाहीत. का ते कळत नाही.


कारापूर
१९ फेब्रुवारी २०२५

शालिनीताई,

तुमचं उत्तर यायच्या आधीच लिहिते.

त्यांना कळलं. सासूबाईंनी बाबूला आपल्या खोलीत झोपायला घेतलंय. त्याच्या हातात काळा दोरा बांधलाय. मी जेवण वाढलं तर माझ्या हातचं घेत नाहीत, स्वतः वाढून घेतात. आणि काल भाजीची पाटी घरात ठेवून देवळात कौल घ्यायला गेल्या. मूर्तीला चिकटवलेली पाकळी उजवीकडची पडली तर देवाचं हो, डावीकडची तर नाही. बाजार बुडवून त्या कधी कुठे जात नाहीत. तापातसुद्धा जातात.

काय विचारलं देवाला? मला कोण सांगणार? सुनेला ठेवू की धाडू, हेच असणार.

बाबू सकाळी त्यांच्या खोलीतून ओरडतो, "आई, गाऱ्हाणं!" आणि त्या त्याच्या तोंडावर हात ठेवतात. मी बघितलं.

कामावर मीठ बरोबर पडतंय. शिगमो जवळ आला. सगळं बरं होत असतानाच असं का व्हावं?

रुक्मिणी


पेडणे
२४ फेब्रुवारी २०२५

रुक्मिणी,

तुझी दोन्ही पत्रं एकदमच हातात पडली. एक वाचून नाचावंसं वाटलं आणि दुसरं वाचून चप्पल घालून दारापर्यंत आले. डॉक्टरांचा कागद घेऊन तुझ्या घरी यावं, सासूबाईंना समजावून सांगावं, असं मनात आलं. त्यांना तुझ्या डोक्याच्या घडणीचं कळलं आणि त्या घाबरल्या, असं मलाही वाटतं आहे.

पण दारात थांबले. मागच्या वेळी न विचारता तक्ता पाठवला होता, आता न विचारता स्वतःलाच पाठवत होते.

तू लिहितेस, "हेच असणार." कोणी सांगितलं तुला? तू प्रश्न विचारलेला नाहीस आणि उत्तर स्वतःच लिहून ठेवलं आहेस. आपण दोघी असंच करतो. लहानपणापासून इतक्या वेळा ओरडा खाल्लेला असतो, की कोणी गप्प बसलं तरी ओरडाच ऐकू येतो.

सासूबाईंना विचारायची भीती वाटत असेल तर प्रशांतला विचार. एकच वाक्य: आई माझ्यावर का रागावली आहे? त्यानंतरही मी यावं असं वाटलं, तर पत्राची वाट बघू नकोस. तेव्हा मात्र फोन कर. मी निघतेच.

शालिनी


कारापूर
१९ मार्च २०२५

शालिनीताई,

उशीर झाला. घाबरू नका. आधीच सांगते, सगळं बरं आहे. आता पहिल्यापासून सांगते.

तुमचं पत्र वाचून प्रशांतला विचारलं. तो टिपर धूत होता. पाइप हातात तसाच, पाणी वाहतंय, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "तूच सांग. तू आईवर गाऱ्हाणां घातलंस मां?"

मला पहिल्यांदा समजलंच नाही. मग समजलं. ताई, तुम्हाला ठाऊक असेल, कोणाचं कोणाशी वाकडं आलं की माणूस एकटा जाऊन देवाला गाऱ्हाणं घालतो, ह्याचं बघ म्हाराजा, म्हणून. ते लागतं, अशी लोकांची समजूत. सासूबाईंनी सकाळी उठून बघितलं, तर सून अंधुकात दाराकडे तोंड करून एकटीच पुटपुटतेय आणि मध्ये मध्ये म्हाराजा म्हाराजा करतेय. बापही गाऱ्हाणं घालणारा. मग त्यांना दुसरं काय वाटणार? बाबूला त्यांनी माझ्यापासून तोडायला घेतलं नव्हतं. माझं गाऱ्हाणं त्याला बाधू नये म्हणून घेतलं होतं. मी त्यांना घाबरत होते आणि त्या मला.

प्रशांतला म्हटलं, "मी कोणावर घातलं नाही."

"मगे कोणाशी बोलत होतंस?"

मी म्हटलं, "संध्याकाळी सांगते. सगळ्यांना."

ताई, सरळ बोलायला गेले की माझी गाडी भलतीकडे जाते, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून मला जे येतं तेच करायचं ठरवलं. सासूबाई तुळशीकडे दिवा लावत होत्या. प्रशांत पायरीवर. बाबू त्याच्या मांडीवर. मी तुळशीसमोर उभी राहिले. बाबा उभे राहतात तशी हात जोडून बोलले,

"बा देवा म्हाराजा, आज ह्या घरची सून तुझ्यासमोर उभी हा म्हाराजा!"

बाबू खूश. "व्हय म्हाराजा!"

"तिच्या डोक्यात एक गोष्ट ऱ्हवता, तर दुसरी पळता म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"गॅस बंद केलंय काय, कडी घातलंय काय, झिलाची बाटली भरलंय काय, ह्या तिका आठवणा नाय. म्हणून ती रोज सकाळी तुका सांगता. कोणाचा वायट मागूक नाय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"डॉक्टरान तिका सांगितल्यान, बाबूसारखीच तुझ्या डोक्याची घडण. तां तिणा घरात लपवून ठेवल्यान. झील आपल्यापासून काढून घेतीत, असा तिका भिया वाटला म्हाराजा."

ह्याला बाबूने उत्तर दिलं नाही. त्याला काय समजलं कोण जाणे, तो बापाच्या शर्टाचं बटण तोंडात घालून बसला. प्रशांत खाली बघत होता. ताई, उत्तर आलं नाही की मला पुढे जाता येत नाही, पण त्या दिवशी गेले.

"माझ्या सासूचे गुडघे बरे कर म्हाराजा. तिच्या भाजीक गिराईक येवंदे. आणि तिका माझी भीती वाटत असली, तर ती काढून घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

मागून. सासूबाईंचा आवाज.

त्या स्वतःच दचकल्या. तोंडावर हात ठेवला. आयुष्यभर देवळात मागे उभं राहून म्हटलेलं, ताई. तोंडाने त्यांचं ऐकलंच नाही. माझ्यावर एवढा राग आणि एवढी भीती, तरी वाक्य संपलं तिथे व्हय आलंच.

मग कमरेवर हात ठेवून मला म्हणतात, "गाऱ्हाणां असां घालतत? नारळ खंय? विडो खंय? तुझ्या बापाशीन इतक्याच शिकवल्यान?" आणि तिथेच पायरीवर बसून रडायला लागल्या. प्रशांतला म्हणाल्या, "बघतंस काय मेल्या, पाणी हाड."

पाणी पिऊन झाल्यावर मी विचारलं, देवाने काय कौल दिला? म्हणाल्या, "काय देतलो? उजवी पडणा नाय, डावी पडणा नाय. दोन्ही चिकटून बसली. गुरव म्हणालो, देवाक इचार करूचो हा." आणि आम्ही सगळे हसलो, त्यासुद्धा.

मग त्यांनी मला त्यांच्या लुगड्याचा पदर दाखवला. मी इतकी वर्षं बघत होते, मला वाटायचं सुट्टे पैसे बांधतात. पदरभर गाठी. एक गाठ, लाल भाजीवालीला जुड्या परत करायच्या. एक गाठ, गोळ्या. एक गाठ कसली तेच त्या विसरल्या. म्हणाल्या, "प्रशांत दप्तर इसरान शाळेत जायचो, माझी आवस, ह्याची आजी, चुलीर दूध इसरायची. बाबूचा सगळा तुझ्याकडसून इला, असा तुका कोणी सांगितला?"

ताई, ते ऐकून मी जी रडले ती वेगळी. डिचोलीच्या बाकावरची नव्हे.

बाबू आता दोघींच्या मध्ये झोपतो. सकाळचं गाऱ्हाणं मी मोठ्याने घालते. सासूबाई आतून ओरडून उत्तर देतात, आणि गॅस बघितल्याशिवाय देत नाहीत. एकदा म्हणाल्या, "नाय म्हाराजा!" धावले, तर खरंच चालू होता.

शिगमो झाला. कृष्णनाथबाबांनी दुसरी बाई बघितली नाही. मी विचारायला गेले तर म्हणाले, "आतां तुमचें देऊळ मोडूं काय हांव? वच, डाळ बघ."

म्हणून आज लिहिते. मला कोणाचे आभार मानायला येत नाहीत, मध्येच दुसरंच काही बोलते. म्हणून जे येतं त्यातच सांगते. काल सासूबाईंनी नारळ आणून दिला, विडा मांडला, सगळं रीतसर. बाबू, प्रशांत आणि त्या मागे उभे राहिले. मी घातलं ते असं,

बा देवा म्हाराजा, पेडण्यात एक शालिनीबाय हा म्हाराजा. तिणा एका रडणाऱ्या बायेच्या बाजूक बसान तिका तुझी काय चूक नाय म्हणान सांगितल्यान म्हाराजा. तिच्या लेकीक सुखी ठेव. तिच्याकडे येणाऱ्या सगळ्या आयांक वाट दाखव. आणि तिचो चष्मो तिका गावंदे म्हाराजा.

तिघेही म्हणाले.

आता तुम्ही म्हणा.

तुमची
रुक्मिणी